एलियाहूची खुर्ची

दारातून आत शिरताना एस्तेरचा उजवा हात तिला न विचारता वर गेला आणि बोटांना गुळगुळीत प्लास्टिक लागलं. चौकटीवर, खांद्याच्या उंचीला, जिथे मेजुझा असायचा तिथे मोबाइलने स्कॅन करायचा काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला होता. मेजुझा म्हणजे बोटाएवढी पितळी नळी, आत धर्मवचनांची गुंडाळी. येता-जाता तिला बोटं लावायची आणि मग ती ओठांना. सिनेगॉगच्या या दारात तिने तीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. नवरा होता तोवर तो एकटा यायचा. ती त्याच्या टोपीला इस्त्री करून द्यायची आणि तो जिना उतरायच्या आत दार लावून घ्यायची. तरी हात गेलाच. लाज नसलेला हात, असं तिला वाटलं. बोटं ओठांशी येऊन थांबली आणि तिने ती पदराला पुसली. "आँटी, स्कॅन होत नाहीये का? मी करून देऊ?" मागच्या मुलीने विचारलं. "मला काही करून नकोय," एस्तेर म्हणाली, आणि आवाज हवा होता त्यापेक्षा बराच वर गेला. तसा राग दारात आलाच नव्हता, तो घरूनच बरोबर आला होता. बसवनगुडीतून इथे यायला ऑटोवाल्याने 'स्वल्प जास्ती' मागितले तेव्हा तिने त्याला घातलेल्या शिव्या त्याच्यासाठी नव्हत्याच मुळी. आज शनिवार. शब्बाथच्या, कामाला हात न लावायच्या दिवशी सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनाघरात, मराठी मंडळाचा कार्यक्रम, लाउडस्पीकर लावून! आपण स्वतः त्याच शनिवारी ऑटो करून आलो, घरून निघताना गॅस पेटवून चहा घेतला, हे तिच्या ध्यानात होतं, पण ते तिने बाजूला ठेवलं. देवाचे नियम तिने मोडले तर तो तिचा आणि देवाचा जुना हिशेब होता. या लोकांचा त्यात काय संबंध?

आत सगळं पांढरं होतं. इथे प्रार्थना होत होत्या तोवर इतकं पांढरं ते कधीच नव्हतं. पूर्वी भिंतींना फिकट निळा चुना असायचा, पावसाळ्यात त्यावर ओलीचे नकाशे उमटायचे आणि वरच्या सज्जात बायका त्या नकाशांत आपापले देश शोधायच्या. खोबरेल तेलाचे काचेचे दिवे छतापासून लोंबायचे, त्यांचा एक खवट-गोड वास सगळ्या कपड्यांना चिकटून घरी यायचा. दिवे अजून होते. त्यांत आता छोटे विजेचे बल्ब होते, तेही थरथरणारे, ज्योतीचं सोंग आणणारे. वर सज्जात कॉफीचं मशीन फुसफुसत होतं. सज्जा बायकांचा. तिथल्या लाकडी जाळीतून खालचं जग चौकोनी तुकड्यांत दिसायचं आणि एस्तेरने आपल्या लग्नानंतरचा सगळा धर्म तसाच, तुकड्यातुकड्यांत पाहिला होता. आज ती पहिल्यांदाच खाली, पुरुषांच्या फरशीवर उभी होती. ज्या जागेचं एवढं अप्रूप वाटायचं ती जागा ही एवढीच, असं मनात आलं आणि त्याचाही तिला राग आला. दारात एक मुलगी हातातल्या यंत्राची टिकटिक करून येणारी डोकी मोजत होती. माणसं अशी मोजायची नसतात. सासरे प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमले का ते बघायचे, पण एक-दोन-तीन करून नाही. एक वचन होतं दहा शब्दांचं, त्यातला एकेक शब्द एकेका माणसावर ठेवत जायचं. माणसाला आकडा लावला की त्याला नजर लागते. शेवटी शेवटी ते वचन अर्ध्यातच संपायचं. लोक इस्रायलला निघाले, कोणी अश्दोदला गेलं, कोणी दिमोनाला, आणि तिचा नवरा हायम घरी येऊन टोपी खुंटीला लावत म्हणायचा, आजही शब्द उरले. आता टिकटिक टिकटिक चालली होती, हॉल भरत होता आणि एवढ्या गर्दीत ज्यू ती एकटीच, म्हणजे त्या वचनातला एकच शब्द लागला असता. तोही तिच्यावर ठेवता आला नसता, कारण ती बाई.

"काकू, तुम्ही आलात! मला वाटलं तुम्ही ऐन वेळी कॅन्सल करणार." मुग्धा धावत आली. तिच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी, पुण्याची, कुठल्याशा कंपनीत काहीतरी डिझाइन करणारी. एकदा लिफ्टमध्ये एस्तेर स्वतःशीच मराठीत पुटपुटताना सापडली तेव्हापासून ही पोरगी तिच्या मागे लागली होती. ज्यू, आणि मराठी! आणि बेंगळुरूत! जणू मांजराला शिंगं फुटली होती. आजच्या कार्यक्रमाचं नाव मुग्धानेच ठेवलं होतं, 'बेने इस्रायल: आपलेच, पण वेगळे'. मोठ्या फलकावर ते वाचताना एस्तेरच्या कपाळावर आठी पडली. आपलेच कोणाचे? आणि वेगळे कोणापासून? "तुम्ही फक्त पाच मिनिटं आठवणी सांगायच्या, काकू. काहीही चालेल. आणि सरप्राइज आहे, मी मलिदा केलाय! व्हिडिओ बघून. चुकला असेल तर रागवू नका हं." तिने बोट दाखवलं तिथे टेबलावर कागदी वाट्या मांडल्या होत्या. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची. वर काजूचे तुकडे आणि ते हिरवं-लाल टुटीफ्रुटी. मलिदा एलियाहू नबीच्या नावाने करतात. नवस फिटला की. लोक एकत्र बसतात, नबीचं नाव घेतात, मग वाटतात. टुटीफ्रुटी! एस्तेरने वाट्यांकडे पाठ केली, कारण तोंड उघडलं असतं तर ते नंतर मिटलं नसतं. तिने मुग्धाला आधीच निक्षून सांगितलं होतं, मलिदा मी करणार नाही. का, ते सांगितलं नव्हतं.

आणि मग तिला ती खुर्ची दिसली. खुर्ची तिच्या जागीच होती, उत्तरेच्या भिंतीशी, काळ्या शिसवीची, नेहमीच्या खुर्चीपेक्षा हातभर उंच, चढायला पायरी, पाठीवर द्राक्षाच्या वेलीचं कोरीवकाम. फक्त तिच्यावर एक माणूस बसला होता. जाड, पांढरी मिशी, खादीचा सदरा, एक पाय खाली सोडलेला आणि दुसरा गुडघ्यावर, पायात चप्पल. हातातला पाण्याचा ग्लास त्याने खुर्चीच्या हातावर ठेवला होता, वेलीच्या पानावर.  एस्तेरने जवळची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि त्याच्याकडे तोंड करून बसली. त्या खुर्चीवर कोणी बसत नाही. कधीच नाही. ती एलियाहूची. नबी अजून मेलेला नाही, तो अग्नीच्या रथातून वर गेला आणि कुठल्याही घरी, कुठल्याही वेळी येऊ शकतो, म्हणून त्याची जागा राखून ठेवायची. फक्त मुलाची सुंता असते तेव्हा, आठव्या दिवशी, त्या तान्ह्याला क्षणभर त्या खुर्चीवर टेकवतात, नबीच्या हवाली करतात आणि परत उचलतात. बाकी वर्षभर तिच्यावर धूळसुद्धा बसू देत नसत. शम्माश, सिनेगॉगचा सेवेकरी, दर शुक्रवारी ती पुसायचा, तोही उभ्यानेच.

लग्नाला सात वर्षं झाली तरी मूल नव्हतं तेव्हा सासूबाई तिला गावी घेऊन गेल्या होत्या, अलिबागेकडे, जिथे खडकावर नबीच्या रथाच्या खुणा आहेत. खडक तापलेला होता. सासूबाईंनी तिला त्या खुणेवर तळहात ठेवायला लावला आणि म्हणाल्या, माग. तिने मागितलं. तेव्हा ती किती सहज मागू शकायची! वर्षाच्या आत एलू झाला. सज्जातल्या जाळीला डोळा लावून तिने पाहिलं होतं, हायमच्या काकांनी ते बोचकं उचललं, त्या खुर्चीवर टेकवलं, आणि एवढ्या मोठ्या काळ्या खुर्चीत ते पांढरं गाठोडं इतकं लहान दिसलं की शेजारच्या बाईचा दंड तिने नखं रुतेपर्यंत धरला. मलिदा केला. आठ शेर पोहे. सगळ्या कँटोन्मेंटात वाटले. आणि एलू सात वर्षांचा झाला, रेल्वेच्या इंजिनांची चित्रं काढायला लागला, कारण हायम यशवंतपूरला मालधक्क्यावर कामाला होता. मग एका बुधवारी शाळेतून आला तो डोकं धरून. तापाने त्याची मान ताठ झाली. मोठे डॉक्टर इंग्रजीत हळू बोलायला लागले. ते आठवताना आजही एस्तेरच्या जिभेवर हॉस्पिटलच्या फिनेलची चव येते. त्या चवीच्या पुढे ती सहसा जात नाही. आजही गेली नाही. समोर तो माणूस चप्पल हलवत होता.

शंतनु नावाचा मंडळाचा चिटणीस माइकवर आला. त्याने सगळ्यांचं स्वागत केलं, या वास्तूचं कसं 'रिस्टोरेशन' झालं ते सांगितलं, देणगीदारांची नावं घेतली, आणि म्हणाला, आपल्या मंडळाचे सर्वांत ज्येष्ठ सभासद, निपाणीचे, यशवंतपूर मार्केटात ज्यांची गुळाची अडत आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, ते मल्लाप्पा अण्णा आज अध्यक्ष म्हणून लाभले. म्हणून तो त्या खुर्चीत होता. कळलं तिला. या लोकांना हॉलमधली सर्वांत मोठी खुर्ची दिसली की तिच्यात अध्यक्ष बसवल्याशिवाय राहवत नाही. मुग्धा शाल घेऊन पुढे झाली. त्याच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, टाळ्या वाजल्या. नबीच्या खुर्चीत नारळ घेऊन बसलेला गुळाचा अडत्या फोटोसाठी हसला, आणि एस्तेर उठून उभी राहिली. ती कशी चालत गेली ते तिला नंतर आठवलं नाही. आठवला तो फक्त स्वतःचा आवाज, पांढऱ्या भिंतींवर आपटून परत येणारा.

"उठा तिथून."

टाळ्या थांबल्या. "उठा म्हणते मी. ती बसायची खुर्ची नाही."

मल्लाप्पांनी आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला म्हणतेय की काय म्हणून. मग त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "मला म्हणताय काय ओ बाई?"

"तुम्हालाच. बसलात त्यांनाच."

"काकू, काकू प्लीज," मुग्धाने तिचा दंड धरला. एस्तेरने तिचा हात झटकला. शंतनु माइक बाजूला धरून कुजबुजला, "आम्हाला माहीत नव्हतं हो, कुठे लिहिलेलं नाहीये." लिहिलेलं नाही! एवढ्या शतकांत कोणाला लिहायची गरज पडली नव्हती. "तुम्ही दिवे बदललेत, चुना बदललात, वर दुकान मांडलंत," ती म्हणाली. "मी काही बोलले नाही. चपला घालून आलात, डोकी उघडी ठेवून आलात, बोलले नाही. एवढी एक जागा सोडायची होती. एवढी एक सोडता आली नाही तुम्हाला?" पहिल्या रांगेतल्या एका माणसाने मोबाइल वर धरला होता. तिला तो हिसकून घ्यावासा वाटला.

"हे बघा बाई," मल्लाप्पा खुर्चीच्या हातावर नारळ ठेवत म्हणाले. ते उठले नव्हते. "मी न्हाई बसलो हितं माझ्या मनानं. ह्या पोरांनी बसिवलं. चाळीस वर्सं धंदा केला ह्या गावात, कन्नडवाल्यांच्यात राहून केला. कुणी मला चारचौघांत उठिवलं न्हाई. आता तुम्ही, आपल्या भाषेची बाई, दारातलं कुत्रं हाकलल्यागत उठ म्हणताय. कुणाची हाय की ओ खुर्ची? नाव तरी सांगा."

"एलियाहू नबीची."

"बरं. मोठा माणूस दिसतोय. येणार हाय काय तो आज?" हॉलमध्ये कोणीतरी हसलं. मल्लाप्पा हसले नाहीत. त्यांना खरंच राग आला होता आणि रागाने ते नीट विचारत होते. "येणार असंल तर सांगा. हात जोडून उठतो, पायऱ्यांपर्यंत सामोरा जातो. आमच्यात बी थोरामोठ्यांना जागा देत्यात. पर तो येतच नसंल, कवाच आला नसंल, तर म्हाताऱ्या माणसानं बसलं म्हणून कुणाचं काय गेलं, एवढं सांगा."

एस्तेरने तोंड उघडलं. उत्तर अगदी तयार होतं, लहानपणी पाठ केलेलं, तो कधीही येऊ शकतो. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथे, मघाच्या बोटांसारखंच, थांबलं.  सगळा हॉल तिच्या तोंडाकडे बघत होता. आणि तिला मल्लाप्पांचा भयंकर, जिवावर उठावं इतका राग आला, कारण हा प्रश्न तिचा होता. तीस वर्षं तिने तो सांभाळून ठेवला होता, आणि हा माणूस गुळाच्या ढेपेचा भाव विचारावा तसा तो चारचौघांत विचारून मोकळा झाला होता. "बसलंय कोण हट्टानं," शेवटी मल्लाप्पाच म्हणाले आणि शाल ओढून घेत, गुडघ्यावर हात दाबत, पायरीवरून खाली उतरले. शंतनुने त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. नारळ खुर्चीच्या हातावरच राहिला. मुग्धाने तो उचलला, पाण्याचं वर्तुळ आपल्या ओढणीने पुसलं, आणि कुठूनसा प्रदर्शनातला, टोकांना आकडे असलेला लाल दोर आणून खुर्चीच्या दोन्ही बाजूंना बांधला. एका कागदावर ठळक मार्करने लिहिलं, 'कृपया येथे बसू नये'. दोन भाषांत. मग ती एस्तेरजवळ आली. डोळे भरले होते तिचे. "सॉरी काकू. खरंच सॉरी. आता कोणीच नाही बसणार." आणि तिच्या हातात मलिद्याची वाटी ठेवून गेली, काय करावं ते न कळल्यासारखी.

कोणी प्राध्यापक कोकणाबद्दल बोलत होते, फुटलेल्या गलबतातून किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांबद्दल, त्यांच्या तेलाच्या घाण्यांबद्दल. एस्तेरला ऐकू येत नव्हतं. तिचं झालं होतं मनासारखं. खुर्ची रिकामी होती, दोर बांधलेली, राखलेली. आता तरी छाती हलकी व्हायला हवी होती. ती त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली आणि फिनेलची चव जिभेवर आली. या वेळी तिने ती गिळली नाही. त्या दिवशीही ती इथे होती. डॉक्टर म्हणाले आजची रात्र महत्त्वाची, आणि ती हायमला एलूपाशी बसवून दुपारी इथे पळत आली होती. शम्माशने तिला दार उघडून दिलं. वर, सज्जात, जाळीला कपाळ टेकून ती त्या खुर्चीशी बोलत होती. तूच दिलास. तुझ्या हवाली केला होता. आता ये. बरा कर, याच हॉलात मलिदा करीन, आयुष्यभर करीन. ती उठेना. उठली तर तो येईल आणि आपण नसू, असं तिला वाटत राहिलं. खालचं ऊन भिंतीवर चढत गेलं आणि खुर्ची तशीच, आत्ता होती तशीच, रिकामी. ती परत पोचली तेव्हा एलूच्या पलंगावरची चादर काढत होते. हायमने खूप वर्षांनी, एकदाच, सांगितलं, तो मध्येच शुद्धीवर आला होता. आई कुठेय, विचारलं त्याने. मी म्हटलं, नबीला आणायला गेलीय.

सगळे निघून गेले तेव्हाही ती गेली नाही. भावाने तिकिटं पाठवली होती. म्हैसूर रोडच्या दफनभूमीत एलू आहे म्हणून ती राहिली, असं लोक समजले, आणि तिनेही तसंच समजू दिलं. खरं म्हणजे ती भांडण सोडून जायला तयार नव्हती. खुर्ची रिकामी होती तोवर कोणीतरी यायचा बाकी होता. आणि कोणीतरी यायचा बाकी होता तोवर त्याला विचारता येत होतं, कुठे होतास? म्हणून मल्लाप्पा तिथे बसलेले तिला सोसले नव्हते. पवित्र-अपवित्राचं काही नव्हतं त्यात. एक जाड माणूस तिथे बसला, पाणी प्यायला, वरून वीज कोसळली नाही, आणि ती नुसती खुर्ची झाली. मग ती इतकी वर्षं भांडली कोणाशी? लाकडाशी? त्या लाकडासाठी तिने सात वर्षांच्या पोराचा शेवटचा प्रश्न हुकवला? आणि आता दोर बांधून, पाटी लावून, तिने स्वतःच त्याची चौकीदारी केली होती. न येणाऱ्याची. तोच रिकामेपणा तिने भांडून परत मिळवला होता.

"...तर आता आपण ऐकू या एस्तेर नवगावकर यांच्याकडून, त्यांच्या या वास्तूच्या आठवणी." शंतनुचा आवाज जरा बिचकलेला होता. थोड्या टाळ्या पडल्या, जपून. एस्तेर उठली. मलिद्याची वाटी तिच्या हातातच होती. माइकच्या बाजूने ती गेली, पण माइकपाशी थांबली नाही. तिने लाल दोराचा आकडा काढला. तो फरशीवर पडून वाजला. पायरी तिला वाटली होती त्याहून उंच होती आणि गुडघ्यातून कळ आली, पण मदतीला आलेला शंतनुचा हात तिने नजरेनेच मागे लोटला. ती वर चढली, वळली आणि बसली. लाकूड गार होतं. एवढ्या वरून सगळा हॉल एकसंध दिसत होता, मध्ये जाळी नव्हती. पहिल्या रांगेत मल्लाप्पा मांडीवर शाल घेऊन तिच्याकडे टक लावून बघत होते. मान हलली नाही त्यांची, हसले नाहीत, पण नजरही काढली नाही. इथेच एलूला टेकवलं होतं. एवढ्याशा पाठीला हे लाकूड किती टोचलं असेल. तिने चमचाभर मलिदा तोंडात घातला. साखर जास्त होती, वेलची कमी, आणि मध्येच ती रबरासारखी टुटीफ्रुटी. ती चावून चावून खात राहिली.

"काकू," मुग्धा खुर्चीशी येऊन अगदी हळू म्हणाली, डोळे त्या कागदावर, मग तिच्यावर. "काकू, तुम्हीच म्हणालात ना... इथे कोणी बसायचं नसतं."

"माहीत आहे मला," एस्तेर म्हणाली. माइक लांब होता तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "तो आला की उठते."